खाट क्रमांक नव्हे, माणूस : परिचारिका शिक्षणाचा एक विचार

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे नाव पहिल्या दिवशी केस पेपरवर लिहिले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून तो 'चौदा नंबर' होतो. 'चौदा नंबरला सलाईन लाव', 'चौदा नंबरचे ड्रेसिंग राहिले', 'चौदा नंबरचे नातेवाईक कुठे आहेत?' असे शब्द वॉर्डात सतत कानी पडतात. यात कुणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. कामाच्या रगाड्यात नावापेक्षा क्रमांक सोपा पडतो, इतकेच. परंतु क्रमांक पडला की त्यामागचा माणूस हळूहळू दिसेनासा होतो, आणि माणूस दिसेनासा झाला की शुश्रूषेतही उणिवा राहू लागतात. ही गोष्ट परिचारिका शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत गांभीर्याने घेतली. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमाची आखणीच 'व्यक्ती' मध्यभागी ठेवून कशी करावी, हा विचार त्यातून पुढे आला. तो आपल्या सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे सोप्या शब्दांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही काही वैद्यकीय क्षेत्रातले नव्हे. बँकेत लिपिकाचे काम करणाऱ्याने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की आपल्या वस्त्यांमधून कितीतरी मुली, आणि आता मुलगेही, बी.एस्सी. नर्सिंगला जातात. आईवडील पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी शैक्षणिक कर्ज काढून फी भरतात. त्या कर्जाचे अर्ज आमच्यासारख्यांच्या टेबलावरून पुढे जातात. 'नोकरी लवकर लागते' एवढे पालकांना ठाऊक असते. परंतु चार वर्षांत मुलगी नेमके काय शिकणार आणि ते कसे शिकवले जावे, याची चर्चा घरात होत नाही.

दुसरे असे की, माणसाचा क्रमांक कसा होतो हे आम्ही काउंटरवर बसून रोज पाहतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. म्हातारा समोर उभा असतो, बोलत असतो, तरी तो जिवंत असल्याचा पुरावा कागदावर लागतो. नियम म्हणून ते आवश्यकच आहे. पण कागद पाहता पाहता समोरच्या माणसाकडे पाहायचे राहून जाते. बँकेत यामुळे फार तर मन दुखावते. रुग्णालयात मात्र जीव पणाला लागलेला असतो.

व्यक्तिकेंद्री शुश्रूषा म्हणजे काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, साठीचे एक शेतमजूर काका मधुमेहाने आजारी आहेत. पायाला जखम झाली, ती चिघळली, म्हणून ते जिल्हा रुग्णालयात दाखल झाले. रोज ड्रेसिंग झाले, साखर तपासली, इन्सुलिन दिले. जखम भरत आली. घरी जाताना सिस्टरने सांगितले, 'काका, सकाळी इन्सुलिन घ्या, अर्ध्या तासाने नाश्ता करा, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पायात बूट घाला, पथ्य पाळा.' काकांनी मान डोलावली.

आता घरची परिस्थिती पाहा. घरात फ्रिज नाही. काका सकाळी सहाला कोरा चहा पिऊन शेतावर जातात आणि भाकरी खातात अकराला. सहाला इन्सुलिन घेतले आणि अकराला जेवले, तर मधल्या वेळात साखर एकदम खाली जाऊन बांधावरच चक्कर येईल. चिखलात बूट चालत नाहीत. पथ्याच्या छापील कागदावर सफरचंद लिहिले आहे, ते त्यांना परवडत नाही. म्हणजे दिलेला प्रत्येक सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता, पण तो या माणसासाठी नव्हता. महिन्याभरात काका पुन्हा दाखल होतात आणि त्यांच्या कागदावर शेरा पडतो : 'रुग्ण सूचना पाळत नाही.'

व्यक्तिकेंद्री शुश्रूषा करणारी परिचारिका आधी विचारील, 'काका, दिवसात पहिला घास किती वाजता खाता?' या एका प्रश्नाने सगळा हिशेब बदलतो. इन्सुलिनची वेळ व प्रकार याबद्दल ती डॉक्टरांशी बोलेल. फ्रिज नसेल तर पाण्याच्या गार मडक्याच्या आधाराने इन्सुलिन कसे टिकवावे ते दाखवील. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांतूनच पथ्य बसवून देईल. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत पाहून कुठे चिरले आहे का हे तपासायला काकूंना शिकवील.

यावरून ध्यानात येईल की व्यक्तिकेंद्री असणे म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. रुग्ण म्हणेल ते करणे, असाही त्याचा अर्थ नाही. त्या माणसाचे जगणे, त्याच्या समजुती, त्याची भीती आणि त्याची इच्छा यांना रक्तदाब व तापमानाइतकेच महत्त्व देऊन उपचाराचे निर्णय त्याच्यासह घेणे, हा त्याचा अर्थ आहे. त्यात शास्त्र कमी होत नाही. उलट शास्त्र त्या माणसापर्यंत पोहोचते.

हा विचार कोठून आला?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी मानसोपचारात ही दिशा दाखवली. उपचार करणाऱ्याचा खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेण्याची वृत्ती या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता. पुढे १९६९ साली त्यांनी हाच विचार शिक्षणाला लावून 'फ्रीडम टू लर्न' हे पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा अभ्यास केला. स्मरणशक्ती गेली तरी माणूसपण जात नाही, आजूबाजूच्यांच्या वागण्याने मात्र ते हिरावले जाऊ शकते, हे त्यांनी १९९७ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले.

परिचर्येच्या क्षेत्रात ब्रेंडन मॅकॉर्मॅक आणि तान्या मॅकॅन्स या दोन अभ्यासकांनी २००६ साली व्यक्तिकेंद्री परिचर्येचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चार भाग आहेत. पहिला, परिचारिकेची स्वतःची तयारी : कामातले कौशल्य, संवादाची हातोटी, कामावरील निष्ठा, आपली मूल्ये कोणती याची स्पष्टता आणि स्वतःची ओळख. दुसरा, कामाची जागा : पुरेशी व योग्य माणसे, सहकाऱ्यांचे संबंध, निर्णयात वाटा, व्यवस्थेचा आधार. तिसरा, प्रत्यक्ष शुश्रूषेची रीत : रुग्णाच्या श्रद्धा-समजुती धरून काम करणे, त्याच्यात लक्ष घालणे, त्याला निर्णयात सामील करून घेणे. आणि चौथा, फळ : रुग्णाला बरे वाटणे, समाधान वाटणे, उपचारात आपण सहभागी आहोत असे वाटणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन पायऱ्या चढल्याखेरीज तिसरी येत नाही. परिचारिकेची तयारी नसेल किंवा कामाची जागाच माणूसघाणी असेल, तर भिंतीवर कितीही सुविचार लावले तरी शुश्रूषा बदलत नाही.

कामाची जागा बिघडली की काय होते, याचे दुःखद उदाहरण इंग्लंडातच घडले. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची फार आबाळ झाली. मळलेल्या अंथरुणात रुग्ण तासन् तास पडून राहिले. पाणी हाताला लागणार नाही असे ठेवले गेले. ज्यांना स्वतः जेवता येत नव्हते त्यांना भरवायला कुणी आले नाही. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी होत्या. पैशाची उद्दिष्टे गाठण्याच्या धडपडीत व अपुऱ्या मनुष्यबळात रुग्णांकडे दुर्लक्ष झाले, हे त्यातून उघड झाले. परिचारिकांच्या निवडीत व शिक्षणात करुणेला आणि प्रत्यक्ष काळजी घेण्याला अधिक वजन द्यावे, असेही त्या अहवालाने सुचवले.

त्याच वर्षी केट ग्रेंजर या वृद्धांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या इंग्रज डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी असताना रुग्णालयात दाखल होत्या. आपल्याकडे येणारे कितीतरी कर्मचारी स्वतःचे नावही सांगत नाहीत, हे त्यांना खाटेवर पडल्यावर जाणवले. त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. मागणी एवढीच की रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपले नाव सांगा. वयाच्या ३४ व्या वर्षी, जुलै २०१६ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांची मोहीम मात्र टिकून राहिली.

कामाची जागा माणसांना विचारून उभी केली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' संस्था सुरू केली. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळले. तेव्हा आदिवासी पाड्यातल्या झोपड्यांसारखी रचना करून दवाखाना बांधला गेला आणि त्याला त्या लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. रुग्णाला बदलायला सांगण्याऐवजी दवाखाना बदलला.

आपला अभ्यासक्रम कोठे आहे?

भारतात नर्सिंगची चार वर्षांची पदवी १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. दरम्यान २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यात चार वर्षांची आठ सत्रे आहेत व श्रेयांक पद्धत आहे. पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रियेच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे आहेत. चौथ्या सत्रात व्यावसायिक मूल्ये व नीतिशास्त्र आहे. शेवटचे सत्र प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे इंटर्नशिपचे आहे.

म्हणजे माणूस समजून घेण्याचे विषय यादीत आहेत. अडचण यादीत नाहीच. अडचण अशी की विषय सुटे सुटे राहतात. पहिल्या सत्रात 'संवाद' शिकला, परीक्षा दिली, प्रकरण संपले. वॉर्डात गेल्यावर विद्यार्थिनीला कामे वाटून मिळतात : एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे करायची, तिसरीने इंजेक्शने द्यायची. कामे पुरी होतात, पण तिघींपैकी एकीलाही कोणताच रुग्ण सबंध दिसत नाही.

अभ्यासक्रम आखण्याच्या शास्त्रात ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ च्या सुमारास एक साधे सूत्र मांडले. काय साधायचे, कसे शिकवायचे आणि परीक्षा कशाची घ्यायची, या तीन गोष्टी एकाच दिशेला हव्यात. उद्दिष्टात 'करुणा' लिहिली, शिकवले व्याख्यानाने आणि परीक्षा घेतली व्याख्या पाठ आहेत का याची, तर विद्यार्थी व्याख्याच शिकणार. म्हणून व्यक्तिकेंद्री अभ्यासक्रम म्हणजे आणखी एक नवा विषय असे समजू नये. तो सर्व विषयांतून ओवलेला धागा आहे.

चार वर्षांची आखणी

हा धागा कसा ओवता येईल, ते आमच्या समजुतीप्रमाणे मांडतो. विषय आजच्या अभ्यासक्रमातलेच आहेत, बदल आहे तो मांडणीचा. वर सांगितलेले शेतमजूर काकाच आपण चारही वर्षे सोबत घेऊ.

पहिल्या वर्षी विद्यार्थिनीने ऐकायला शिकावे. शरीररचनेच्या तासाला पायाच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू शिकतानाच, बधिर झालेल्या पायाने अनवाणी चालणे म्हणजे काय हे तिला मधुमेहाच्या रुग्णाकडूनच ऐकायला मिळावे. काही नर्सिंग विद्यापीठांत रुग्ण व त्यांची काळजी घेणारे नातलग वर्गात येऊन आपला अनुभव सांगतात. आपल्याकडेही हे सहज शक्य आहे आणि त्याला पैसा लागत नाही. समाजशास्त्राच्या तासाला मजुरी, स्थलांतर, जात, व्यसन हे शब्द प्रश्नोत्तरांपुरते न राहता काकांच्या आजाराशी जोडले जावेत.

दुसऱ्या वर्षी हात तयार व्हावेत. औषधशास्त्र, रोगनिदानशास्त्र, प्रौढांची शुश्रूषा हे विषय या वर्षी येतात. येथे कौशल्यात तसूभरही ढिलाई नको. निर्जंतुक हातांनी ड्रेसिंग न करणारी गोड बोलकी परिचारिका काय कामाची? मात्र कामे वाटण्याऐवजी विद्यार्थिनीला रुग्ण वाटून द्यावेत. दोनच रुग्ण द्या, पण त्यांचे तापमान, औषध, जेवण, झोप, भीती, सगळे तिने पाहावे. ड्रेसिंगच्या दहा मिनिटांत काका बोलते होतात. जखमेकडे पाहत पाहत त्यांचे ऐकणे, हेही कौशल्यच आहे. नीतिशास्त्राचा विषय याच वर्षी असल्याने संमती व खाजगीपणा यांचे धडे ताज्या अनुभवावर घेता येतात.

तिसऱ्या वर्षी बालकांची शुश्रूषा, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य आणि प्रसूतिशास्त्र येते. या वर्षी विद्यार्थिनीने वॉर्डाबाहेर पडून घर पाहावे. काकांच्या घरी गेल्याशिवाय मडक्याचा उपाय सुचणार नाही. मानसिक आरोग्यात तर कायदाच तिच्या बाजूने उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. ते प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असले पाहिजेत.

चौथ्या वर्षी जबाबदारी घ्यावी. एकटा रुग्ण सांभाळणे आणि सबंध वॉर्ड सांभाळणे यांत फरक आहे. ड्युटी कशी लावावी, पाळी बदलताना काय सांगावे, चुकीच्या गोष्टीला विरोध कसा करावा, हे इंटर्नशिपमध्ये अनुभवी सिस्टरच्या हाताखाली शिकायचे. पाळी बदलताना 'चौदा नंबर, मधुमेह, ड्रेसिंग झाले' एवढेच न सांगता 'काकांना घरी कोण इन्सुलिन देणार ते अजून ठरलेले नाही' हे एक वाक्य जोडले, तरी पुढच्या पाळीची सिस्टर योग्य धागा उचलते.

परीक्षा कशाची?

विद्यार्थी परीक्षेसाठी अभ्यास करतात, हे सत्य स्वीकारूनच आखणी केली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी 'ऑस्की' नावाची परीक्षापद्धत मांडली. त्यात विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात ठरावीक काम करून दाखवतो आणि परीक्षक यादी पाहून गुण देतो. आपल्या नव्या अभ्यासक्रमातही ही पद्धत आली आहे. ती सगळ्यांना सारखी असल्याने वशिल्याला वाव कमी, हा तिचा मोठा गुण आहे.

पण तिला एक मर्यादा आहे. 'स्वतःची ओळख करून दिली : एक गुण' असे यादीत लिहिले, की विद्यार्थिनी रुग्णाकडे न पाहताच ते वाक्य म्हणून टाकते. गुण मिळतो, ओळख होत नाही. म्हणून यादीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी हव्यात. ज्या रुग्णाची तिने काही दिवस शुश्रूषा केली त्याचे चार शब्द विचारावेत : तुमचे म्हणणे तिने ऐकले का, समजेल असे सांगितले का? आणि विद्यार्थिनीने अनुभवाची वही ठेवावी. काय घडले, तेव्हा मला काय वाटले, काय बरोबर झाले, का झाले, पुढच्या वेळी काय करीन, असा वहीचा क्रम असावा. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली सांगितलेली चिंतनाची रीत याच प्रकारची आहे. या वहीला मात्र गुण देऊ नयेत. गुण दिले की मुली शिक्षकांना आवडेल ते लिहितील. मृत्यू पाहून हात थरथरले हे कुणी लिहिणार नाही.

विद्यार्थिनीही माणूसच

आता आमच्या मते या विषयाचा गाभा. ज्या मुलीला महाविद्यालयात चार वर्षे हजेरी क्रमांकाने ओळखले, वॉर्डात सर्वांदेखत झापले, प्रश्न विचारला तर गप्प बसवले, ती मुलगी रुग्णाशी वेगळे वागेल अशी अपेक्षा कशी करावी? माणूस जसा वागवला जातो तसाच तो पुढे वागवतो. शिक्षणतज्ज्ञ याला 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात. हा शब्द फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली वापरला. छापील अभ्यासक्रम शिकवतो की रुग्णाचा आदर करा, आणि छुपा अभ्यासक्रम शिकवतो की वरच्याने खालच्याला दाबायचे असते. विद्यार्थी दुसराच धडा लवकर शिकतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा सगळी पुस्तके इंग्रजीत असतात. वर्गात ती मागे बसते, उत्तर येत असूनही बोलत नाही आणि तिच्या नावापुढे 'कच्ची' असा शिक्का बसतो. तीच मुलगी वॉर्डात गेली की काय होते? खेड्यातून आलेल्या आजी तिच्याशी मोकळेपणाने बोलतात, कारण ती त्यांच्या बोलीत बोलते. भाकरीची वेळ विचारायचे तिला कुणी शिकवावे लागत नाही, कारण तिच्या घरीही भाकरी अकरालाच होते. मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा गडचिरोलीतली माडिया बोलणारी विद्यार्थिनी तर अशा वॉर्डात सोन्याच्या मोलाची. व्यक्तिकेंद्री अभ्यासक्रम तिच्या या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान्यता देतो. इंग्रजी तिला शिकवलेच पाहिजे, त्याशिवाय औषधाचे पुस्तक व परीक्षा सुटणार नाही. परंतु ती रिकाम्या हाताने आलेली नाही, हे शिक्षकांना व तिला स्वतःलाही कळले पाहिजे.

काही अडचणी

हे सर्व बोलायला सोपे आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. अध्यापन रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका व सर्वसाधारण रुग्णालयात दर पाच रुग्णांमागे एक, असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रात्रपाळीत एकाच सिस्टरकडे सबंध वॉर्ड असतो. तिला बोलायला वेळ कोठून मिळणार? मनुष्यबळ वाढवणे हे सरकारचे व रुग्णालयांचे काम आहे, आणि ती जबाबदारी परिचारिकेच्या 'करुणे'वर ढकलणे अन्याय्य आहे. स्टॅफर्डचा धडा तोच आहे. तरीही, रक्तदाब मोजताना, स्पंज देताना, सुई काढताना जी मिनिटे जातातच, त्या मिनिटांत मान वर करून पाहणे व एक नेमका प्रश्न विचारणे शक्य आहे. मात्र ते घाईतही जमावे यासाठी सराव लागतो, आणि सराव अभ्यासक्रमातच व्हायला हवा.

दुसरी अडचण नातेवाइकांची. परदेशी पुस्तकांत रुग्ण बहुधा एकटा निर्णय घेतो. आपल्याकडे खाटेभोवती घर असते, आणि तो मोठा आधारही असतो. पण बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवरा देतो, सुनेच्या दुखण्याचे सासू सांगते. अशा वेळी नातलगांचा मान राखून रुग्णाशी दोन मिनिटे एकटे बोलायचे कसे, हे आपल्या अभ्यासक्रमाला स्वतःच शोधावे लागेल. ते बाहेरून उसने मिळणार नाही.

विद्यार्थी व पालकांसाठी

नर्सिंगला प्रवेश घेण्यापूर्वी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. याबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. किती विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे? (परिषदेचा दंडक दहामागे एक असा आहे.) वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत शिक्षक हजर असतात, की त्यांना मनुष्यबळ म्हणून सोडून दिले जाते? वॉर्डात कामे वाटली जातात की रुग्ण? मुलांना मानसिक ताण आला तर ऐकून घ्यायला कोण आहे? या प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरे मिळाली, तर इमारत कितीही चकचकीत असो, दुसरे महाविद्यालय पाहावे. आपल्या संस्थेतही नोकरीला लागलेल्या सिस्टर व ब्रदर यांनी वर्षातून एखादा रविवार नव्या विद्यार्थ्यांसाठी दिला, तर पहिल्या वर्षाची भीती बरीच कमी होईल.

आणि ज्या विद्यार्थिनी हा लेख वाचत असतील त्यांना एवढेच सांगणे आहे. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. त्याला विद्यापीठे, मंडळे, बैठका लागतात. पण उद्या वॉर्डात गेल्यावर खाटेजवळ जाऊन 'आजी, माझे नाव अमुक, आज मी तुमच्याकडे आहे' असे म्हणायला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. नाव सांगा, नाव विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.